२०० लिटरचा बॅरल, हातपंप आणि दारात येणारे डिझेल : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

७ एप्रिल २०२५ च्या दुपारी डिझेलवरील केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढल्याची बातमी आली आणि दिवस मावळायच्या आत आमच्या गावाजवळच्या पंपावर ट्रॅक्टर, पिकअप आणि मागे कॅन बांधलेल्या दुचाकी यांची रांग लागली. त्या रांगेत मीही होतो. पिकअपमध्ये रिकामा बॅरल उभा करून, तासाभराने नंबर लागल्यावर मी तो भरून घेतला आणि मध्यरात्रीच्या आत चारशे रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावरचा दर आदल्या दिवशीइतकाच होता. कच्चे तेल स्वस्त झाल्यामुळे वाढीव शुल्काचा भार किरकोळ दरावर पडणार नाही, असा खुलासा पेट्रोलियम मंत्रालयाने त्याच दिवशी केला होता. तो रांगेत उभ्या असलेल्या आम्हा लोकांपर्यंत पोहोचायला मात्र रात्र झाली. घरी थोरल्या काकांनी फक्त एवढेच विचारले, "मग, किती मिळाले?"

हा अभिप्राय त्या बॅरलचा, त्यावर बसवलेल्या हातपंपाचा आणि गेल्या हंगामात तीनदा वापरून पाहिलेल्या घरपोच डिझेल सेवेचा आहे. माझ्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत. एक जुना, साध्या फ्युएल पंपाचा, आणि दुसरा पन्नास अश्वशक्तीच्या वरचा, कॉमन रेल इंजिनाचा, म्हणजे एका सामायिक नळीतून उच्च दाबाने इंजेक्टरना डिझेल पुरवणारा. हंगामात दोन्ही ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस ओढतात, उरलेल्या काळात नांगरट आणि रोटाव्हेटरची कामे करतात. गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर आहे. ज्यांचे काम वेगळे आहे त्यांचा हिशेब वेगळा निघेल, म्हणून आकडे देताना ते कुठून आले हेही लिहीत आहे.

बॅरल मी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, हंगामाच्या तोंडावर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत घेतला. वंगण तेलाचा एकदा वापरलेला, आतून स्वच्छ केलेला, २०० लिटरचा पत्र्याचा बॅरल. प्लास्टिकचा बॅरल स्वस्त आणि हलका मिळत होता, परंतु डिझेल ओतताना निर्माण होणारा स्थिर विद्युतभार प्लास्टिकमधून जमिनीत उतरत नाही आणि उन्हात ठेवलेले प्लास्टिक काही वर्षांत ठिसूळ होते, म्हणून पत्राच घेतला. दुकानदाराने आधी जस्ताचा मुलामा असलेली एक टाकी दाखवली होती. ती चकचकीत दिसत असली तरी डिझेलसाठी घेऊ नये, कारण जस्ताची डिझेलशी हळूहळू अभिक्रिया होते आणि त्यातून तयार होणारा गाळ थेट इंजेक्टरपर्यंत जातो. पितळी आणि तांब्याच्या जोडण्यांबाबतही हाच नियम आहे. बॅरल, पंप, फिल्टर, बॅरल ठेवायची लोखंडी घोडी आणि अर्थिंगची तार मिळून मला सुमारे सात हजार रुपये खर्च आला.

पंप हा या संचातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही त्याच्याविषयीच आहे. बिडाचे अंग, बाजूला फिरवायची मूठ आणि बॅरलच्या दोन इंची तोंडाला आटे लावून बसणारा हा रोटरी हातपंप उद्यमनगरातल्या कोणत्याही कारखान्यात दिसतो, त्यामुळे तो घेताना मी फारसा विचार केला नाही. माझ्या मोजणीप्रमाणे चार फेऱ्यांना साधारण एक लिटर डिझेल येते. म्हणजे ट्रॅक्टरमध्ये पन्नास लिटर भरायचे तर दोनशे फेऱ्या माराव्या लागतात. पहाटे चार वाजता साखर कारखान्याच्या गेटवर नंबर लावायला निघालेल्या ड्रायव्हरला हा व्यायाम नकोसा होतो, आणि त्याचे म्हणणे मला पटते. त्याहून मोठी अडचण म्हणजे बॅरलमध्ये उतरणारी नळी तीन तुकड्यांची आहे. पहिल्या महिन्यातच मधल्या जोडातून पंप हवा घेऊ लागला. मूठ फिरत राहायची आणि नोझलमधून नुसता फेस यायचा. जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळल्यावर तो दोष गेला. वर्षभराने आतल्या पात्या झिजून फेऱ्या वाढल्या, तेव्हा उद्यमनगरात नव्या पात्या बसवून घेतल्या. दुरुस्ती कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये होते, सुटे भाग सहज मिळतात आणि वीज लागत नाही, या तीन गोष्टींमुळे मी अजूनही हाच पंप वापरतो. बॅटरीवर चालणारा पंप शेजाऱ्याने घेतला आहे, तो मिनिटभरात काम उरकतो, पण दोनदा जळालाही आहे.

एक बदल मात्र मी स्वतः केला आणि तो प्रत्येकाने करावा असे मला वाटते. पंपाची नळी बॅरलच्या तळाला टेकत होती. ती खालून दोन इंच कापून घेतली. बॅरलमध्ये जमणारे पाणी आणि गाळ तळाशी बसतो, आणि तळापासून ओढणारी नळी तो सगळा पहिल्याच फटक्यात ट्रॅक्टरच्या टाकीत पोचवते. खाली राहणारे दहा-बारा लिटर डिझेल वाया जात नाही. दर सहा महिन्यांनी ते वेगळे काढून, निवळून, गाळून जुन्या ट्रॅक्टरला घालतो.

आता भावाच्या हिशेबाकडे येतो, कारण बहुतेक लोक बॅरल घेतात ते याच आशेने. डिझेलचे दर १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहा वाजता बदलू शकतात. पूर्वी मध्यरात्रीपासून दोन-तीन रुपयांची वाढ जाहीर व्हायची, तेव्हा आदल्या रात्रीच्या रांगेला काही अर्थ होता. २०२२ मधली मोठी वाढ आठवून पाहा. २०२१ च्या नोव्हेंबरपासून गोठलेले दर विधानसभा निवडणुका संपल्यावर वाढणार, ही गोष्ट २०२२ च्या मार्चमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होती. घाऊक ग्राहकांसाठीचे डिझेल तर एकदम २५ रुपयांच्या आसपास महागले होते आणि त्यामुळे मोठ्या ग्राहकांच्या गाड्याही साध्या पंपांवर येऊ लागल्या होत्या. तरीही २२ मार्चला वाढ सुरू झाली ती दिवसाला ऐंशी पैशांच्या आसपास. सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढले आणि मुंबईत डिझेल ९४.१४ रुपयांवरून १०४.७७ रुपयांवर गेले. हंगामात माझ्या दोन ट्रॅक्टरांना मिळून दिवसाला सत्तर लिटरच्या आसपास डिझेल लागते, म्हणजे माझा बॅरल तीन दिवसांत रिकामा होतो. २१ मार्चच्या संध्याकाळी तो काठोकाठ भरून ठेवला असता तर त्या तीन दिवसांत माझे तीनशे रुपयेसुद्धा वाचले नसते. चौथ्या दिवशी मी बाकीच्यांबरोबर नव्या दरानेच भरत असतो. सात हजारांचा संच अशा बचतीतून वसूल व्हायला किती दरवाढी लागतील, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा.

यावर कोणी म्हणेल की मोठा साठा करावा. कायद्याने तेवढी मोकळीक आहेही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडते आणि एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंतचा साठा, त्यातले कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतो. पेट्रोलला ही सवलत नाही. ते ‘अ’ वर्गात असून स्वतःच्या वापरासाठी फक्त ३० लिटर ठेवता येते. अनेक जण दोन्ही कॅन शेजारी-शेजारी ठेवतात, म्हणून हा फरक मुद्दाम सांगितला. परंतु साठा करण्याची मोकळीक म्हणजे विक्रीची मोकळीक नव्हे. बॅरलमधले डिझेल शेजाऱ्याला भाव लावून देणे हा वेगळाच प्रकार होतो आणि त्यात पडू नये.

कायदा आडवा येत नसला तरी व्याज आडवे येते. लिटरला ९० रुपये धरले तर २,५०० लिटरचे सव्वादोन लाख रुपये होतात. वर्षाला बारा टक्क्यांनी पैसे उचलले असतील तर दर महिन्याला लिटरमागे नव्वद पैसे फक्त व्याजात जातात. दोन रुपयांची दरवाढ सव्वादोन महिन्यांच्या आत आली तरच तो साठा फायद्यात राहतो, आणि ती कधी येणार हे पंपावरच्या रांगेतल्या कोणालाही माहीत नसते. शिवाय भाव वाढतोच असे नाही. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, केंद्राने डिझेलवरचे शुल्क दहा रुपयांनी उतरवले. २२ मे २०२२ पासून आणखी सहा रुपये कमी झाले, जुलैत राज्याने करात तीन रुपयांची सूट दिली. एप्रिल २०२२ च्या चढ्या भावात धास्तीने ज्यांनी साठे केले, त्यांचे डिझेल सात आठवड्यांत लिटरमागे सात रुपयांहून अधिक महागात पडले. माझ्या स्वतःच्या वाट्याला हा प्रकार १५ मार्च २०२४ रोजी आला. आदल्या दिवशीच बॅरल भरला होता आणि संध्याकाळी दोन रुपये कपातीची घोषणा झाली. एप्रिल २०२५ च्या रांगेत ते चारशे रुपये भरून काढण्याचा विचार माझ्या मनात नव्हता, असे मी म्हणणार नाही.

कागलच्या पुढे हद्द ओलांडून कर्नाटकात, डिझेल स्वस्त म्हणून, कोगनोळी-निपाणीकडे बॅरल भरून आणण्याचाही सल्ला मला मिळाला होता. आपल्याकडचे ट्रकवाले वर्षानुवर्षे टाकी तिकडे भरत आले आहेत, परंतु त्यांची गाडी त्या रस्त्याने जाणारच असते. बॅरलसाठी मुद्दाम जाऊन येण्यात फरकातला बराचसा भाग पिकअपच पिऊन टाकते. त्यातही कर्नाटकाने जून २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवल्यापासून तो फरक पूर्वीसारखा उरलेला नाही.

मग हा बॅरल मी विकून का टाकला नाही? कारण तो भावासाठी निरुपयोगी असला तरी खाडा टाळण्यासाठी उपयोगी आहे, आणि आमच्या धंद्यात खाड्याची किंमत दरवाढीपेक्षा पुष्कळ जास्त असते. १ जानेवारी २०२४ रोजी अपघाताविषयीच्या नव्या कायद्यातील तरतुदीविरुद्ध टँकर आणि ट्रकचालकांनी काम थांबवले. दुसऱ्या दिवशी पंपांवर न संपणाऱ्या रांगा होत्या आणि काही ठिकाणी डिझेल संपल्याच्या पाट्या लागल्या होत्या. उसाचा हंगाम ऐन भरात, फडात ऊसतोडणीची टोळी बसलेली, तोडलेला ऊस वाळत पडलेला. अशा वेळी तोडलेल्या उसाचे वजन रोज घटते आणि मुकादमाला तोंड द्यावे लागते ते वेगळेच. बॅरलमध्ये १८० लिटर होते. ते दोन्ही ट्रॅक्टरांनी काटकसरीने वापरले आणि संप मिटेपर्यंत आमची एकही खेप चुकली नाही. संचाचे सात हजार रुपये माझ्या दृष्टीने त्या दोन दिवसांत वसूल झाले.

दुसरे कारण नदी आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस पाण्याखाली राहिला, टँकर पलीकडे अडकले आणि शहरातल्या पंपांवर डिझेल मिळेनासे झाले. २०२१ च्या जुलैमध्येही महामार्ग बंद पडला. पूर ओसरल्यावर गाळ उपसायला, शेतातले पाणी काढायला डिझेल हवे असते, आणि नेमके तेव्हाच ते मिळत नाही. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅरल भरून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

परंतु नदीकाठी बॅरल ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भरलेला बॅरलसुद्धा पाण्यावर तरंगतो. २०० लिटर डिझेलचे वजन साधारण १६६ किलो, पत्र्याचे अठरा-वीस किलो. आणि पूर्ण बुडाल्यावर तो बाजूला सारतो ते पाणी दोनशे किलोंपेक्षा जास्त. जुलै २०२४ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या शेडमध्ये गुडघाभर पाणी येण्याआधी बॅरल माळावरच्या खोपीत हलवला आणि साखळीने खांबाला बांधला. एवढे वजन हलवायला चार माणसे लागली. आता ३९ फुटांचा इशारा मिळाला की लगेच हलवतो.

त्याच पावसाळ्यात माझ्या हातून जी चूक झाली तिचा दोष बॅरलकडे जात नाही. माळावर मी बॅरल उभाच ठेवला होता. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेत पावसाचे पाणी साचते. दिवसा आतले डिझेल आणि हवा तापून फुगते, रात्री आकसते, आणि आकसताना झाकणाच्या वॉशरमधून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. झाकण घट्ट होते, तरीही ऑगस्टअखेर तळाशी दोन लिटरच्या वर पाणी निघाले. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साय धरते. जुन्या ट्रॅक्टरने ते सोसले. नव्या ट्रॅक्टरने धाप टाकायला सुरुवात केली, कारण कॉमन रेलच्या इंजेक्टरला पाण्याचा थेंबही चालत नाही. दोन्ही फिल्टर बदलून आणि टाकी धुऊन प्रकरण मिटले, इंजेक्टरपर्यंत गेले असते तर बॅरलमुळे जन्मात जेवढी बचत होईल तेवढी एका बिलात गेली असती. तेव्हापासून बॅरल घोडीवर किंचित तिरपा, दोन्ही झाकणे पाणी साचणाऱ्या बाजूपासून दूर राहतील असा ठेवतो, वर पत्रा टाकतो आणि महिन्यातून एकदा मोजपट्टीला पाणी ओळखण्याची पेस्ट लावून तळ तपासतो. ही पेस्ट पेट्रोल पंपावरही असते आणि मागितल्यावर दाखवतात. सहा महिन्यांपेक्षा जुने डिझेल मी ठेवत नाही.

उन्हाळ्यातली काळजी वेगळी आहे. डिझेलला काडी लावली तरी पेटत नाही असे म्हणणारे बरेच भेटतात. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा प्रज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधील तापमान सहज त्याच्या वर जाते. शिवाय दहा अंशांच्या फरकाने २०० लिटर डिझेल दीड लिटरहून अधिक फुगते, म्हणून बॅरल काठोकाठ भरू नये. आमचा बॅरल राहत्या घरापासून, गोठ्यापासून आणि वेल्डिंगच्या जागेपासून लांब, कुलूपबंद असतो. पंपाच्या मुठीलाही कुलूप आहे. त्याचे कारण आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना सांगावे लागणार नाही.

राहिली घरपोच सेवा. कोल्हापूर परिसरात अशी सेवा देणाऱ्या एका पुरवठादाराकडून मी तीनदा डिझेल मागवले. मीटर आणि नोझल बसवलेली छोटी टाकीगाडी दारात येते, दर त्या दिवशीच्या पंपाचाच लावतात आणि वर पोहोच शुल्क घेतात. मापाबाबत मला तक्रार नाही. पहिल्या वेळी पाच लिटरच्या मापात तपासणी मागितली, चालकाने कुरकुर न करता करून दाखवली. मीटरला वैधमापन विभागाचे सील होते, छापील पावतीवर घनता होती आणि ती माझ्या हायड्रोमीटरशी जुळली. पंपावर बॅरल नेणे, चढवणे, उतरवणे, रांगेत तास घालवणे आणि पिकअपचे भाडे यांचा विचार करता पोहोच शुल्क मला रास्त वाटले.

तक्रार आहे ती वेळेची. नेहमीच्या दिवशी चार तासांत येणारी गाडी ७ एप्रिलच्या संध्याकाळी फोनच उचलत नव्हती, आणि म्हणूनच मला रांगेत जावे लागले. गर्दीच्या दिवशी त्यांना मोठ्या मागण्या आधी पुऱ्या करायच्या असतात हे समजते. परंतु ज्या दिवसासाठी ग्राहकाला सेवा हवी असते त्याच दिवशी ती नसेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. कमीत कमी १०० लिटरची अटही लहान शेतकऱ्याला परवडणारी नाही. तीन-चार जणांनी मिळून मागवले तर जमते, आणि आमच्या गल्लीत आता तसेच मागवतो. पावसाळ्याआधीचा एक बॅरल आणि हंगामाआधीचा एक, एवढ्यापुरती ही सेवा उत्तम आहे.

एकच जुना ट्रॅक्टर असलेल्या, घरापासून दोन किलोमीटरवर पंप असलेल्या माणसाने यातले काही घेऊ नये. वीस लिटरचा पत्र्याचा कॅन आणि जाळीचे नरसाळे त्याला पुरेसे आहे. दोन-तीन यंत्रे असलेल्याने, नदीकाठी किंवा आडबाजूला राहणाऱ्याने बॅरल जरूर घ्यावा, हातपंपावर पैसे थोडे जास्त खर्च करावेत आणि नळी एकसंध आहे ना हे दुकानातच पाहावे. पाण्याचा थर वेगळा करणारा फिल्टर नव्या इंजिनाच्या मालकाने पहिल्याच दिवशी बसवावा; मी तो दहा महिने उशिरा बसवला. माझा बॅरल सध्या निम्मा आहे, आणि गाळपाची तारीख जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी, दर पाहून नव्हे, तो भरून घेणार आहे.